‘विष बाहेर पडतंय’ एवढं म्हणू नका : नोनी ज्यूस विकणाऱ्यांना खुले पत्र

आमच्या तालुक्यात नोनी ज्यूसचा व्यवसाय करणाऱ्या सर्व ताई-दादांना आणि सर-मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी डायलिसिस टेक्निशियन आहे, म्हणजे किडनी बंद पडलेल्यांचं रक्त मशीनवर साफ करायचं काम करतो. तुमच्यातले बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत. कुणी आमच्या मुलाला चौथीत शिकवलंय, कुणाकडे माझी विम्याची पॉलिसी आहे, कुणी आमच्या सौ.च्या बचत गटाच्या अध्यक्ष आहेत. त्यामुळे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. पण आधी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यांवर तुमची पत्रकं दिसायला लागली, मग पेशंटच्या पिशव्यांतून बाटल्या निघायला लागल्या, आणि आता तर मशीनवर पडल्यापडल्या पेशंट विचारतात, "सायेब, नोनी चालू केली तर डायलिसिस सुटंल का?" एकेकाला समजावत बसण्यापेक्षा तुम्हालाच लिहावं म्हटलं.

नोनी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पिऊ नका, विकू नका असंही मी म्हणत नाही. धडधाकट माणसानं सकाळी दोन झाकणं ज्यूस घेतला तर सहसा त्याचं काही बिघडत नाही, खिसा हलका होतो तेवढाच. माझं भांडण बाटलीबरोबर फुकट वाटल्या जाणाऱ्या वाक्यांशी आहे. त्यातल्या एका वाक्याशी तर फारच. ते वाक्य शीर्षकात लिहिलंय, त्याच्याकडे येतोच.

आधी फळाबद्दल थोडं, कारण तुमच्या मीटिंगमध्ये फळाचा इतिहास सांगितला जातो आणि तो ऐकायला छान असला तरी बराचसा खरा नाही.

नोनी म्हणजे मोरिंडा सिट्रिफोलिया. कॉफीच्या कुळातलं झाड. मूळचं आग्नेय आशिया आणि उत्तर ऑस्ट्रेलियाच्या बाजूचं. पॉलिनेशियन लोक समुद्र ओलांडून नवी बेटं वसवायला निघाले तेव्हा होड्यांत जी उपयोगी रोपं घेऊन गेले त्यात हेही होतं, म्हणून ते ताहिती-हवाईपर्यंत पोचलं. आपल्या अंदमानात ते किनाऱ्याला आपोआप उगवतं. महाराष्ट्रातही या जातकुळीची झाडं आहेत. जुने लोक त्यांना बारतोंडी म्हणतात, आल म्हणतात. मध्य भारतात आलीच्या मुळांपासून लाल रंग काढायचे, त्यासाठी तिची शेती व्हायची. १८६९ च्या सुमारास युरोपात प्रयोगशाळेत अलिझारिन हा लाल रंग तयार झाला आणि पुढं हळूहळू हा धंदा बसला. म्हणजे आपल्या पणजोबांना हे झाड चांगलं ठाऊक होतं, पण ते रंगाऱ्याचं झाड म्हणून. त्याची फळं पिळून रोज उपाशीपोटी पिण्याचं त्यांना सुचलं नव्हतं.

सुचायला वासही आडवा आला असता म्हणा. पिकलेल्या नोनीला जो आंबूस, नासक्या चीजसारखा भपकारा येतो तो त्यातल्या ऑक्टॅनोइक आणि हेक्सॅनोइक आम्लांचा. इंग्रजीत तर या फळाला सरळ ‘व्हॉमिट फ्रूट’ म्हणतात. बहुतेक फळमाश्यांना ही आम्लं विषारी असतात. सेशेल्स बेटांवर मात्र ड्रोसोफिला सेशेलिया नावाची एक माशी आहे, ती याच फळावर जगते. बाटलीत द्राक्षांचा नाहीतर बेरीचा रस का घालावा लागतो, हे यावरून कळेल.

तुमच्या स्लाइडवर लिहिलेलं असतं की बेटांवरचे लोक २००० वर्षं हा ज्यूस पिऊन निरोगी राहिले. हवाई विद्यापीठातले वनस्पतींचे अभ्यासक विल मॅकक्लॅची यांनी २००२ मध्ये या परंपरेचा नीट मागोवा घेतला. त्यातून दिसतं ते असं : जुना औषधी वापर बहुतांशी वरून लावण्याचा. पानं शेकून दुखऱ्या सांध्यावर बांधायची, पिकलेलं फळ चेचून गळवावर लावायचं. फळ खायचे ते मुख्यत्वे दुष्काळात, दुसरं काही नसेल तेव्हा. रोजचं टॉनिक म्हणून रस पिण्याची पद्धत अलीकडची आहे, आणि तिचा जगभर प्रसार झाला तो १९९० नंतर, तोही विक्रीच्या साखळीतून. नोनीची पहिली मोठी कंपनी १९९६ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात सुरू झाली. युटा हा कोरड्या हवेचा, हिवाळ्यात बर्फ पडणारा मुलूख. नोनीला तो मानवायचा नाही. पण साखळी विक्रीच्या कंपन्यांना तो चांगला मानवला.

‘झेरोनाइन’ हा शब्दही तुम्ही वापरता. पेशीचं कुलूप उघडणारा घटक वगैरे. हा शब्द राल्फ हाइनिके नावाच्या संशोधकाचा. हवाईत अननसावर काम केलेला माणूस. त्यानं १९८५ मध्ये लिहिलं की नोनीत प्रोझेरोनाइन असतं आणि शरीरात त्याचं झेरोनाइन होतं. त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही स्वतंत्र रसायनशास्त्रज्ञाला तो पदार्थ वेगळा काढून दाखवता आलेला नाही. त्याची रचना कुठल्याही बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकात नाही. चाळीस वर्षं झाली, आणि तो अजून फक्त पत्रकावर सापडतो.

आता पुरावा. संशोधन झालेलं नाही असं मी म्हणणार नाही, झालंय. १९९३ मध्ये जपानी संशोधकांनी नोनीतून डॅम्नाकँथाल नावाचं द्रव्य काढलं आणि पेशींवर त्याचा कॅन्सरविरोधी परिणाम पाहिला. तुम्ही त्याचा दाखला देता, पण ते द्रव्य मुळातून काढलेलं होतं आणि प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर होता. तुम्ही विकता तो फळाचा रस. माणसांवरची चाचणी हवाई विद्यापीठात झाली. कॅन्सरच्या पेशंटना फळाच्या भुकटीच्या कॅप्सूल दिल्या. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले : कुणाचीही गाठ आक्रसली नाही. काहींना थकवा-वेदना जरा कमी वाटल्या, पण तुलनेसाठी नोनी नसलेली साधी कॅप्सूल घेणारा गट तिथं नव्हता, त्यामुळे ते श्रेय कुणाला द्यायचं हे ठरत नाही. २०१२ ची एक चाचणी भरपूर सिगारेट ओढणाऱ्यांवर आहे, तिच्यात कोलेस्टेरॉल उतरलेलं दिसतं. ती करणाऱ्यांत ज्यूस बनवणाऱ्या कंपनीचेच संशोधक होते. म्हणून ती खोटी ठरते असं नाही. पण तिच्या जोरावर कुणाची बीपीची गोळी बंद करता येत नाही.

युरोपीय महासंघानं २००३ मध्ये नोनी ज्यूस विकायला परवानगी दिली, हे तुमच्या पत्रकात मोठ्या अक्षरात आहे. त्याआधी २००२ मध्ये त्यांच्याच वैज्ञानिक समितीनं काय म्हटलं ते मात्र नाही. समिती म्हणाली होती की इतर फळांच्या रसांपेक्षा वेगळा असा काही आरोग्याचा फायदा या रसात असल्याचा पुरावा आमच्यासमोर आलेला नाही. परवानगी फळाचा रस म्हणून मिळाली, औषध म्हणून मिळालेली नाही. आणि अमेरिकेत १९९८ मध्येच ॲरिझोना, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि टेक्सस या चार राज्यांच्या सरकारी वकिलांनी तिथल्या कंपनीला बिनबुडाच्या दाव्यांबद्दल धरलं होतं. कंपनीनं १ लाख डॉलर भरून तडजोड केली आणि असे दावे न करण्याचं कबूल केलं. तेच दावे पंचवीस वर्षांनी मराठीत भाषांतर होऊन आमच्या मंगल कार्यालयात आले.

हे सगळं वाचायला मिळतं, कुणीही वाचावं. पण मी मुळात लिहायला बसलो ते माझ्या कामातलं सांगायला.

किडनी बंद पडलेल्या माणसाच्या अंगात पाणी साठतं, युरिया साठतो, हे तुम्हाला माहीत असेल. त्याबरोबर पोटॅशियमही साठतं, आणि ते सगळ्यांत आधी मारतं. रक्तात ते लिटरला साधारण साडेतीन ते पाच मिलीइक्विव्हॅलंटपर्यंत असावं (हे ते मोजायचं माप). सहाच्या पुढं गेलं की आमची धावपळ सुरू होते. सातच्या पुढं हृदय कधी बंद पडेल सांगता येत नाही. म्हणून आम्ही पेशंटला केळी, शहाळं, मोसंबी बंद करायला सांगतो, भाजी चिरून उकळून तिचं पाणी फेकायला सांगतो. आयुष्यभर शेतात राबलेल्या माणसाला स्वतःच्या शेतातली पपई खाऊ नको म्हणणं काय असतं ते एकदा म्हणून बघा.

नोनीच्या रसात पोटॅशियम असतं. २००० साली अमेरिकेतल्या किडनीरोगाच्या एका मासिकात अशाच एका पेशंटची हकिकत छापून आली. बाकी सगळं पथ्य सांभाळणाऱ्या त्या माणसाचं पोटॅशियम वाढलेलं, कारण सापडेना. शेवटी कळलं की तो नोनी ज्यूस घेतो. डॉक्टरांनी ज्यूस तपासला, लिटरला ५६ मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम निघालं. संत्र्याच्या किंवा टोमॅटोच्या रसात असतं तितकंच. म्हणजे लिटरला साधारण २२०० मिलिग्रॅम.

आता प्रामाणिक हिशेब करू. दोन झाकणं म्हणजे ३० मिली धरली तर पोटॅशियम होतं ६५-७० मिलिग्रॅम. हे फार नाही, एका केळात याच्या पाच-सहा पट असतं. पण तुम्ही किडनीच्या पेशंटला दोन झाकणं सांगत नाही. आजार मोठा तर डोस मोठा, असं तुमचं गणित आहे. अर्धा-अर्धा कप, दिवसातून तीनदा. दिवसाला ३०० मिली झालं, म्हणजे साडेसहाशे मिलिग्रॅमच्या वर. आमच्या पेशंटला दिवसभरात सगळं मिळून दोन हजारांच्या आसपास परवानगी असते, त्यातला तिसरा हिस्सा बाटलीनंच खाल्ला. बाटली दोन दिवसांत संपते हा तुमच्या दृष्टीनं फायदा असेल.

आणि हे आकडे त्या अमेरिकी ज्यूसचे. तुमच्या बाटलीत किती आहे? मी लेबलं भिंगातून वाचली. कुठंच लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या नियमात पोषणाच्या तक्त्यात सोडियम छापावं लागतं, पोटॅशियम छापणं सक्तीचं नाही. काही बाटल्यांत अश्वगंधा आहे, काहींत गार्सिनिया कंबोजिया. मीटिंगमध्ये त्याचं ‘आपलं कोकमच ते’ होतं. ते आपलं कोकम नव्हे. आमसुलाचं झाड गार्सिनिया इंडिका. कंबोजिया हा दक्षिणेकडचा भाऊबंद, आणि त्याचा अर्क घातलेल्या वजन कमी करण्याच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कोकणातल्या आजीनं पिढ्यान्‌पिढ्या सोलकढी वाढली, पण कॅन्सर बरा होतो असं कधी म्हणाली नाही, हे जाता जाता.

आता त्या वाक्याकडे येतो.

आमचे एक पेशंट, काका म्हणू. आठवड्यातून दोनदा यायचे, सरकारी योजनेत, पैसे लागत नव्हते. एसटीनं यायचं-जायचं एवढाच ताप. त्यांना कुणीतरी बाटल्या दिल्या आणि सांगितलं की पंधरा दिवसांत फरक पडेल. पहिले काही दिवस बरं वाटलं. मग पाय जड व्हायला लागले, उभं राहिलं की लटपटायचे. त्यांनी ज्यांच्याकडून बाटल्या घेतल्या त्यांना फोन केला. उत्तर आलं : "घाबरू नका काका, विष बाहेर पडतंय. ज्यूस लागू पडला. डोस वाढवा." काकांना इतका आनंद झाला की त्यांनी पुढचं डायलिसिस टाळलं. विष आपोआप बाहेर पडतंय तर मशीन कशाला?

ते आले ते जीपमध्ये आडवे घालून. पोटॅशियम सातच्या वर. ईसीजीचा कागद बघून डॉक्टर काही न बोलता इंजेक्शन भरायला लागले. कॅल्शियम, इन्शुलिन-ग्लुकोज, आणि लगेच मशीन. काका वाचले.

आता कुणी म्हणेल, ज्यूसमुळेच झालं कशावरून? बरोबर आहे. एकट्या ज्यूसनं झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. डायलिसिस चुकवलं हे मोठं कारण. पण ते चुकवलं कशामुळे? पाय लटपटणं हे पोटॅशियम वाढल्याचं लक्षण असतं, आणि अनेकदा तेवढंच एक लक्षण देऊन ते माणसाला नेतं. काकांच्या शरीरानं वेळेवर हाक दिली होती. त्या हाकेचा अर्थ फोनवरच्या माणसानं उलटा करून सांगितला.

या वाक्याची करामत बघा. त्यात ज्यूस कधी हरतच नाही. बरं वाटलं तर ज्यूसचा गुण, बरं वाटलं नाही तर विष बाहेर पडतंय, म्हणजे पुन्हा ज्यूसचाच गुण. जुलाब झाले, अंगावर पुरळ आलं, धाप लागली, पाय सुजले, सगळ्याला एकच उत्तर. ‘हीलिंग क्रायसिस’ (बरं होताना होणारा त्रास) असा इंग्रजी शब्दही तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेला आहे. शुगरवाल्याला घाम फुटून चक्कर आली तर साखर उतरलेली असू शकते, हार्टवाल्याला धाप लागली तर फुप्फुसात पाणी असू शकतं, कावीळ झाली तर यकृत धोक्यात असू शकतं. ही सगळी दवाखान्याकडे धावत सुटण्याची लक्षणं. तुमचं वाक्य त्यांना घरी बसवतं.

यकृताचं निघालं म्हणून सांगतो. २००५ मध्ये ऑस्ट्रियातून नोनी पिणाऱ्यांत यकृताला तीव्र सूज आल्याच्या हकिकती प्रसिद्ध झाल्या, त्यातल्या २९ वर्षांच्या तरुणाला यकृत बदलावं लागलं. पुढच्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं ती प्रकरणं तपासून म्हटलं की नोनी ज्यूस हेच कारण असण्याची शक्यता कमी आहे. दोन्ही बाजू सांगितल्या. मला स्वतःला यातून एवढंच दिसतं की ‘शून्य साइड इफेक्ट’ असं छापायला जी खात्री लागते ती कुणाकडेच नाही.

आणखी एक गट आहे. हृदयाची झडप बदललेले, रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनसारखी गोळी घेणारे. आपल्या भागात असे तरुण बरेच आहेत, लहानपणच्या सांधेज्वरानं झडपा गेलेले. नोनीचं पेय घेतल्यावर त्या गोळीचा परिणाम कमी झाल्याची नोंद २००४ पासून आहे. गोळी लागू पडली नाही की झडपेवर गुठळी धरते. त्यांना विकण्याआधी निदान विचारा तरी, कुठल्या गोळ्या चालू आहेत म्हणून.

आता तुमच्या व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या रिपोर्टांबद्दल. ‘क्रिएटिनिन ९.२ वरून ३.४, फक्त नोनीमुळे’ असं लिहून शेजारी शेजारी दोन रिपोर्ट. क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला एक टाकाऊ पदार्थ. मला असे तीन-चार जणांनी पाठवले. एकावर तर आमच्याच लॅबचा छाप होता. ताई-दादांनो, आम्ही डायलिसिसच्या आधी रक्त काढतो आणि नंतरही काढतो. चार तासांत क्रिएटिनिन निम्म्याच्या खाली येतं, ते मशीननं येतं, आणि पुढच्या फेरीपर्यंत परत चढतं. तुमच्या पोस्टरवरचा पहिला रिपोर्ट मशीनच्या आधीचा होता आणि दुसरा नंतरचा. तारखेचा कोपरा कापलेला होता, वेळ मात्र राहिली होती : सकाळी ७ आणि दुपारी १२. ते पोस्टर बनवणाऱ्याला हे माहीत नसेल असं मी धरून चालतो. पुढं पाठवणाऱ्याला तर नक्कीच माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, धमकी म्हणून घेऊ नका. १९५४ चा औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा अजून लागू आहे. त्याला जोडलेल्या यादीत कॅन्सर, मधुमेह, हृदयविकार, लकवा, लठ्ठपणा, मुतखडे आणि किडनीचा ब्राइट्स डिसीज हे सगळे आहेत. यांवर इलाज म्हणून एखाद्या पदार्थाची जाहिरात केली तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि त्या कायद्यात जाहिरात म्हणजे नुसता छापील कागद नव्हे, तोंडी केलेली घोषणाही जाहिरातच धरली आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांप्रमाणे विक्रेत्यानं ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाकडे जायचं नाही. डायलिसिसच्या बाकड्यावर बसलेल्या माणसानं तुम्हाला कुठली वेळ दिली होती?

कंपनीचं बघा कसं असतं. बाटलीवर बारीक अक्षरात तिनं लिहिलेलं असतं की हे औषध नाही. म्हणजे ती सुटली. औषध आहे असं तोंडानं कोण म्हणतं? तुम्ही. उद्या कुणी तक्रार केली, तर मंचावरचा सोनेरी बिल्ल्यावाला लीडर पुण्यात असेल आणि पोलीस पाटील तुमच्या दारात.

तुम्ही या धंद्यात का आलात तेही मला दिसतं. विनाअनुदानित शाळेतल्या सरांना पगार वेळेवर मिळत नाही. उसाचं बिल अडकलेलं. पोरीचं लग्न. कुणी नात्यातल्याच माणसानं "फक्त एक आयडी लाव, खाली दोन साइड भर" (म्हणजे साखळीत नाव घाल आणि आपल्या खाली दोन बाजूंना माणसं जोड) म्हणून गळ घातली, मग महिन्याची खरेदी पुरी करायला स्वतःच बाटल्या घ्याव्या लागल्या, आणि आता त्या कपाटात तारीख संपायच्या बेतात आहेत. हजाराच्या घरातली एकेक बाटली. ती कुणाला तरी खपवायलाच हवी, आणि गावात सगळ्यांत हताश माणूस कोण, तर ज्याला डॉक्टरनं ‘आयुष्यभर’ असं सांगितलंय तो. त्याच्याकडे पावलं आपोआप वळतात. मी समजू शकतो. तरीही त्याच्याकडे जाऊ नका.

माझं मागणं मोठं नाही. किडनीच्या, कावीळ-यकृताच्या, आणि झडपेच्या पेशंटला नोनी विकू नका. स्वतः मागितली तरी आधी त्याच्या डॉक्टरला विचारायला सांगा. शुगर-बीपीच्या गोळ्या बंद करायला कुणालाही सांगू नका. माझ्या वॉर्डातले निम्म्याहून जास्त लोक शुगर आणि बीपी हाताबाहेर गेल्यामुळेच तिथं आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी कधी ना कधी कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या सोडलेल्या होत्या. कुणी त्रास होतोय म्हणून फोन केला, तर "ज्यूस थांबवा आणि दवाखान्यात जा" एवढंच उत्तर द्या.

आणि एक काम करा. तुमच्या अपलाइनला, म्हणजे साखळीत तुमच्या वर असलेल्या माणसाला, लेखी विचारा : या बाटलीत १०० मिलीला किती पोटॅशियम आहे, कुठल्या लॅबनं तपासलं, रिपोर्ट दाखवा. दीडशे आजारांची यादी छापणाऱ्या कंपनीला एक आकडा देणं जड जाऊ नये. उत्तर आलं तर मला आणून द्या, आमच्या वॉर्डात पथ्याचा फळा आहे, त्यावर केळं आणि शहाळ्याच्या खाली मी तो आकडा लिहीन, कंपनीचं नाव न घालता. उत्तर नाही आलं तर तेही सांगा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रार मराठीत करता येते, आणि ती विक्रेत्यानंही करायला हरकत नाही.

पुढची तुमची मीटिंग रविवारी आहे असं कळलं. मला दहा मिनिटं द्या. पोटॅशियम म्हणजे काय आणि ते वाढल्यावर माणूस कसा दिसतो एवढंच सांगेन, बाटलीबद्दल एक शब्द काढणार नाही. सकाळची शिफ्ट अकराला सुटते. त्यानंतर कधीही बोलवा.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक डायलिसिस टेक्निशियन